आजीचं आयुष्य लिहायचंय? आधी तिची वाटी मोजा

वर्षश्राद्धाला वाटतात त्या स्मरणिका चाळून बघा. पहिल्या पानावर हार घातलेला फोटो, मग 'प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ व धार्मिक वृत्तीच्या', मग सुना-जावई-नातवंडांची यादी, शेवटी 'शोकाकुल परिवार'. फोटो झाकला तर ती कुणाचीही आजी. सोलापूरच्या आजीला तर हे अजिबात शोभत नाही. मिलच्या भोंग्यावर उठणारी, मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी, नळाला पाणी कुठल्या दिवशी येणार याचा हिशेब तोंडपाठ असणारी आणि एकाच वाक्यात मराठी-कानडी दोन्ही बोलणारी बाई 'मनमिळाऊ' या शब्दात कशी काय बसवणार?

विशेषणं राहू द्यात बाजूला. आधी मापं, तारखा, जागा, वस्तू. हे गोळा करायला तीन-चार महिने सहज जातात, तेव्हा वर्षश्राद्धाला पुस्तिका हवी असेल तर दहाव्या महिन्यात धावपळ करून भागत नाही. (लिंगायत घरात लिंगैक्य झाल्यावरचे विधी वेगळे, मुसलमान घरात चाळिसावा, निमित्त कुठलंही असो, गोळा करायचं तेच.) आणि आजी अजून घरात असेल तर आज संध्याकाळीच बसा.

सगळ्यात जास्त घोळ जन्मतारखेचा. कागदावर १ जून असेल तर ती तारीख हेडमास्तरांची, आजीची नव्हे. जूनमध्ये शाळेत नाव घालताना वय बसावं म्हणून गुरुजी सरसकट १ जून टाकायचे. शाळेचं तोंडच पाहिलं नसेल तर आधारवर १ जानेवारी आणि अंदाजे साल. जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा. त्याआधीची खेड्यातली नोंद कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये असते. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज केला की नक्कल मिळते, पण तिथे आजीचं नाव शोधत बसलात तर हात हलवत परत याल. नोंद बारशाच्या आधीच व्हायची. त्यात बापाचं नाव, जात आणि 'मुलगी' एवढंच असतं. म्हणून आधी तिच्या वडिलांचं पूर्ण नाव आणि ती भावंडांत कितवी, हे पक्कं करून जा. जुन्या नोंदी मोडी लिपीत असतात. मोबाइलवर फोटो काढून मोडी वाचणाऱ्याला दाखवा, अंदाजाने वाचू नका.

माहेर कुठलं हे तर फारच महत्त्वाचं, कारण सोलापूरच्या आसपास वेगवेगळ्या राज्यांचे मुलूख होते. अक्कलकोट १९४८ पर्यंत संस्थान होतं. मंगळवेढा सांगली संस्थानात होता. तुळजापूर, उमरगा निजामाकडे. तिकडचे जुने कागद उर्दूत, आणि साल फसली, म्हणजे महसुली. फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे फसली १३५७ हे १९४७-४८. इंडी, विजापूरकडचं माहेर असेल तर कागद कानडीत असण्याची तयारी ठेवा; तो भाग १९५६ ला म्हैसूर राज्यात गेला. जुन्या लग्नपत्रिकेवर शके असतं. त्यात ७८ मिळवायचे, पण पौषाचा उत्तरार्ध, माघ, फाल्गुनातलं लग्न असेल तर ७९. ही एका वर्षाची चूक जवळजवळ प्रत्येक पुस्तिकेत सापडते, आणि मग लग्न खऱ्यापेक्षा एक वर्ष आधी पडतं.

कागदच नसेल तर गावाच्या आठवणीला तिचं आयुष्य बांधायचं. सोलापुरात खुंट्या भरपूर आहेत. 'आई म्हणायची, मार्शल लॉच्या वेळी तू पोटात होतीस' याचा अर्थ मे १९३०. चार हुतात्म्यांना येरवड्यात फाशी झाली ती १२ जानेवारी १९३१ ला. रझाकारांच्या भीतीने माहेरची माणसं सोलापूरला पळून आली असतील तर १९४८, आणि पोलीस अ‍ॅक्शन त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. मजुरी आण्यात सांगते की पैशात, तेही लक्षात ठेवा. नये पैसे १ एप्रिल १९५७ पासून आले. महानगरपालिका झाली १ मे १९६४ ला. १९७२ चा दुष्काळ तर विचारावाच लागत नाही. तेव्हा खायला मिळालेली सुकडी आणि लाल मिलो ज्वारी, हे दोन शब्द काढले की बाई आपणहून बोलायला लागते, आणि त्या वेळी कडेवर कोण होतं, कोण चालत होतं हेही सांगते. मुलांची वयं तिथे जुळतात. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरचा. त्या रात्री घरात कोण कुठे झोपलं होतं, हे सगळ्यांना आठवतं. यावरून त्या वेळच्या घराचा नकाशाच काढता येतो. महिना ठरवायला 'गड्ड्याच्या आधी की नंतर?' एवढा प्रश्न पुरतो. गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, संक्रांतीच्या आसपास, म्हणजे जानेवारी. दुसरी खुंटी कोजागिरी, कारण तुळजापूरची पायी वारी तेव्हा असते.

मुलं किती, असं विचारू नका. बाळंतपणं किती झाली, असं विचारा, आणि ते तिच्या वयाच्या बाईनं विचारलेलं बरं. दोन भावंडांत पाच-सहा वर्षांचं अंतर दिसलं तर तिथे बहुधा एखादं गेलेलं मूल असतं. ते पुस्तिकेत घालायचं की नाही हे घरच्यांनी ठरवावं, पण वहीत नोंद हवीच. त्याला नाव ठेवलेलं असतं, आणि आजीशिवाय ते कुणालाच ठाऊक नसतं.

तिचं स्वतःचं नावही दोनदा लिहावं लागतं. माहेरचं एक, लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलेलं दुसरं. रेशनकार्डावर एक, मतदारयादीत दुसरं, बँकेत तिसरं स्पेलिंग. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. त्या गडबडीत नाव जसं लिहिलं जातं तसंच पुढे वारसाच्या कामाला लागतं. म्हणून दाखला हातात पडताच आधार आणि पासबुकाशी अक्षर न अक्षर ताडून बघा. पुस्तिकेचं नंतर बघता येईल, बँकेचं नाही.

आता कामाविषयी. 'आजी कशी होती?' या प्रश्नाला 'लई चांगली होती की' याशिवाय उत्तर येत नाही. 'सकाळी उठल्यावर पहिल्यांदा कशाला हात लावायची?' असं विचारलं की चूल, हौद, पत्ता (विडीचं पान), काय ते बाहेर पडतं. विडी कामगार असेल तर क्रमानं विचारा. पत्ता आदल्या रात्री ओला करून गोणपाटात ठेवायची की पहाटे? पान कापायचा फर्मा पत्र्याचा होता का, कात्री कुणाकडून धार लावून आणायची? मांडीवर सूप, पानात तंबाखू, वळून दोऱ्याची गाठ, मग तोंड नखानं दुमडायचं. यातलं कुठलं काम मुलींना दिलं होतं? बहुतेक घरांत पान कापणं आणि तोंड दुमडणं पोरी करायच्या, शाळेत जायच्या आधी. पंचवीस विड्यांचा एक कट्टा, मजुरी हजारावर. दिवसाला किती व्हायच्या, छाट किती निघायची, आणि छाट काढणाऱ्याशी भांडण व्हायचं का, हे विचारल्याशिवाय उठू नका. छाट म्हणजे नापास विड्या. त्यांची मजुरी मिळायची नाही, आणि तिच्या रागाचा अर्धा इतिहास तिथेच असतो. विडी कामगाराचं ओळखपत्र आणि भविष्यनिर्वाह निधीचा कागद जपून ठेवलेला असतो. त्यावर वय, पत्ता, कारखाना सगळं सापडतं. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत (विडी कामगार बायकांची वसाहत) घर मिळालं असेल तर त्याचा कागदही काढा. वसाहतीचं लोकार्पण २००६ चं. पुष्कळ बायकांचं नाव घराच्या कागदावर पहिल्यांदा लागलं ते तिथेच.

मिलमधली असेल तर 'मिलमध्ये होती' एवढं पुरत नाही. कुठली मिल, कुठलं खातं, कितवी पाळी. बायका बहुतेक वाइंडिंग आणि रिळिंग खात्यात असायच्या. जुनी मिल १८७७ ची, ती साठच्या दशकात बंद पडली. लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या दशकात. आजी म्हणते 'मिल बंद पडली' ती कुठली, हे न विचारता लिहिलं की तीस वर्षांची गफलत होते. शहराच्या पूर्व भागातली, विणकरांच्या वस्तीतली असेल आणि घरातच माग असेल, तर कांड्या भरायचं काम तिचंच. पण त्याला कुणी 'काम' म्हणत नसल्यामुळे ते सांगायचं राहून जातं. मुद्दाम विचारावं लागतं.

सगळ्यात जास्त वेळ स्वयंपाकाला द्या. 'तिच्या हातची शेंगा चटणी' हे वाक्य सोलापूरच्या प्रत्येक स्मरणिकेत असतं आणि चटणीचं माप एकाही स्मरणिकेत नसतं. विचारलं तर 'अंदाजानं घालते' असं उत्तर येतं, आणि ते खोटं नसतं. अंदाज तोंडातून निघत नाही, हातातून निघतो. म्हणून तिला काही विचारू नका. तिच्या नेहमीच्या डब्यांतून तिला चटणी करू द्या. डिजिटल वजनकाट्यावर तिखटाचा, मिठाचा, जिऱ्याचा डबा सुरू करण्याआधी तोला, संपल्यावर तोला. जो फरक आला ते माप. असं तीन वेळा, वेगवेगळ्या दिवशी. एका दिवसावर विसंबू नका. पाहुणे बघताहेत म्हटल्यावर हात जड पडतो. तिची वाटी पाण्यानं काठोकाठ भरून वजन करा, जितके ग्रॅम तितके मिलिलीटर. जुनी पितळी वाटी आजच्या स्टीलच्या वाटीपेक्षा बरीच मोठी निघू शकते, आणि 'एक वाटी' लिहून ठेवलेल्या कृती तिथेच फसतात. पायली-शेराचंही तेच. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली, हे कोष्टक पाठ असलं तरी मापटं गावागणिक बदलतं. माळ्यावरचं माप खाली काढा आणि ज्वारी भरून तोला.

आजी गेली असेल तर कुणाचा हात तोलायचा? थोरल्या मुलीचा नको, ती लग्न होऊन लवकर गेलेली असते. जी सून सगळ्यात जास्त वर्षं त्या चुलीपाशी होती, तिचा. सासू-सुनेचं पटत नव्हतं तरीही. नव्हे, पटत नसेल तर नक्कीच. तिनं बारीक बघितलेलं असतं.

ताडून बघायला एक साधारण माप देतो. अर्ध्या किलो शेंगदाण्यांना ४० ग्रॅम सोललेला लसूण, ३० ग्रॅम तिखट, १० ग्रॅम जिरं, १२ ग्रॅम मीठ. वरून तेल नाही. तेल दाण्यातूनच सुटलं पाहिजे. दाणे लोखंडी कढईत मंद आचेवर १५ ते २० मिनिटं. गरम दाणा चावून काही कळत नाही, तो मऊच लागतो. एक दाणा बाहेर काढून गार होऊ द्या. साल बोटानं निघालं आणि आत बदामी रंग दिसला की उतरवा. सालं पाखडून टाका, थोडी राहिली तर राहू द्या. उखळात आधी लसूण, जिरं, मीठ कुटायचं, मग तिखट, मग मूठ-मूठ दाणे. एकदम ओतले तर वरचे तसेच राहतात आणि खालचे पीठ होतात. चटणी मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि बोटानं ढोसला की मोडावा, तिथे थांबायचं.

मिक्सरमध्ये फसते ती दोन कारणांनी. दाणे कोमट असताना फिरवले किंवा एकसारखं फिरवत राहिलं, तर भांडं तापतं, तेल भसकन सुटतं आणि लगदा होतो. पूर्ण गार दाणे, तीन-चार सेकंदांचे झटके, मध्ये चमच्यानं खालवर. लसूण धुतला असेल तर पुसून वाळवा. ओलसर राहिला की चटणीला आठवड्यात बुरशी येते. चिनी मातीच्या बरणीत महिनाभर टिकते, पण मे महिन्यात पंधरा दिवसांच्या वर ठेवू नका, खवट होते. हे सगळं तिच्या कृतीशी जिथे जुळणार नाही, तिथे तिचंच लिहा. कुणी जिरं घालतच नाही, कुणी तिखटाऐवजी भाजलेल्या सुक्या मिरच्या कुटते.

कडक भाकरीला वजनाचा फारसा उपयोग नाही, तिथे वेळ आणि ज्वारी बघायची. मालदांडी ज्वारी होती का, दळण किती दिवसांचं, तव्यावर कापडानं दाबत किती वेळ ठेवायची. जुन्या पिठाला चिकाटी राहत नाही, भाकरी पातळ थापली की कडेला चिरते. तिची भाकरी का चिरत नव्हती, याचं उत्तर बहुतेक वेळा 'रोज ताजं दळण' हेच असतं.

भाषेला हात लावू नका. सोलापूरच्या घरात 'ये की', 'खा की', 'काय तरी सांगालय बग' असंच बोलतात. आजी नातीला 'बारव्वा' (कानडीत 'ये गं') म्हणत असेल, शेजारच्या तेलुगू पद्मशाली बाईला 'तिन्नावा?' ('जेवलीस का?') विचारत असेल, तर तसंच लिहा आणि खाली अर्थ द्या. सासूला आत्याबाई म्हणायची की अव्वा, तेही. प्रूफ बघणारा हौशी मास्तर घरात असतोच. तो 'आलो हाय' चं 'आले आहे' करून ठेवतो. त्याला फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघायला द्या, तेही तुम्ही लिहिलेल्या भागाचं.

आवाज ध्वनिमुद्रित करायचा तर पहाटे. दुपारी उकाड्यानं पंखा लावावाच लागतो, आणि छतावरच्या पंख्याची घरघर सगळं खाऊन टाकते. मोबाइल चार घड्या घातलेल्या टॉवेलावर, तिच्यापासून हातभर अंतरावर. शेजारी माग चालू असेल तर तो थांबेपर्यंत वाट बघा. पण एक मिनिट नुसती त्या मागाची खटखटही घेऊन ठेवा, ती जन्मभर त्यातच झोपली. ओव्या बसून म्हणायला सांगितल्या तर आठवत नाहीत. जातं असेल तर खुंटा हातात द्या, नसेल तर निवडायला सूप द्या. हात हलला की ओळ येते. तिचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे व्हॉइस मेसेज आजच दुसरीकडे उतरवून घ्या. फोन बदलला, रिचार्ज थांबला, की नंबरही जातो आणि मेसेजही.

फोटोंचा शत्रू म्हणजे पत्र्याचं छप्पर. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, त्यात पत्र्याखालची लोखंडी ट्रंक. फोटो एकमेकांना चिकटतात. ओढून सुटे करू नका. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो दात साफ करायचा बारीक दोरा खालून सरकवत काढा, किंवा पानासकटच स्कॅन करा, ६०० डीपीआयवर. मागे बॉलपेननं लिहू नका, शाई पुढे उमटते. मऊ पेन्सिल वापरा. कोण कोण आहे हे दोन म्हाताऱ्यांना वेगवेगळं विचारा. एकत्र बसवलं तर मोठ्या आवाजाची जिंकते.

वाकळ असेल तर तिचाही फोटो काढा, उजेडात, जमिनीवर पसरून, आणि एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारा. हा इरकलीचा पदर कुणाचा, हे खणाचं कापड कुठल्या चोळीचं, हे फ्रॉकचं फूल कुणाच्या बारशाचं. घरातल्या कापडाची एवढी जुनी यादी दुसरीकडे कुठेच नसते. धुवायला मशीनमध्ये टाकू नका, आतलं जुनं लुगडं विरतं.

छपाईचं थोडक्यात. ए-फोरची घडी म्हणजे ए-फाइव्ह आकार, मध्ये पिना मारायच्या असतील तर पानं चारच्या पटीत: २४ किंवा २८. अक्षर १४ पॉइंटच्या खाली नको, वाचणारे सत्तरीतले असतात. आणि छापखान्यात देण्याआधी पाच कच्च्या प्रती झेरॉक्स करून काढा, आत्या-मावश्यांना एकेक द्या, सोबत पेन्सिल द्या. पेन देऊ नका. पेन हातात आलं की माणसं 'छान आहे' लिहून, खाली सही करून परत पाठवतात.